न हलणारा आकडा

माझ्या व्यवसायाला मराठीत नाव नाही. मी सुरुवात केली तेव्हा इंग्रजीतही धड नव्हतं. पगाराच्या पाकिटावर 'प्रोग्रामर' लिहिलेलं असे, पण स्वतःचे प्रोग्राम मी फारसे लिहिले नाहीत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या मेमरीच्या चुका शोधायच्या, यातच माझी सगळी नोकरी गेली. वसईजवळच्या आमच्या गावी, नंदाखालला, आई शेजारणींना सांगायची, "पोरगी कंपूटर दुरुस्त करते." त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आमच्या ओट्यावर बंद पडलेले ट्रान्झिस्टर आणि इस्त्र्या येऊन बसत. एकदा शिवणयंत्र आलं. तेवढं मात्र मला दुरुस्त करता आलं, कारण त्याला फक्त तेल हवं होतं.

मेमरीची चूक म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगताना मी गावच्या भांड्यांचं उदाहरण देते. आमच्याकडे लग्नाची मोठी पातेली एकेका घरी नसत, ती सगळ्या गावाची मिळून असत. ज्याच्या घरी कार्य त्याने न्यायची, काम झालं की घासूनपुसून परत आणून ठेवायची. प्रोग्रामही तसाच मेमरीतली थोडी जागा मागून घेतो, आणि काम झालं की ती परत करायची असते. करायला विसरला तर पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. मग एकेक पातेलं कमी होत जातं आणि एखाद्या दिवशी ऐन लग्नात भात शिजवायला भांडं नसतं. याला आम्ही गळती म्हणतो.

ही चूक डोळ्यांना दिसत नाही, हा खरा त्रास. माणसाने लिहिलेला मजकूर कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो आणि चिपमध्ये जातात ते नुसते आकडे. कंपायलर एखादा स्वल्पविराम राहिला तर हटून बसतो, पण तुम्ही नेलेलं परत ठेवलंत की नाही, हे तो विचारत नाही. आजच्या मुलांकडे ते विचारणारी अवजारं आहेत. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे लाल पेन्सिल होती, आणि कर्र कर्र करणाऱ्या प्रिंटरमधून निघालेला कागद.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कामणला एका गोदामात मालाची चलानं छापणारा संगणक होता. एका ठरावीक व्यापाऱ्याचं चलान छापलं की त्याच्या पुढच्याचा पत्ता बिघडायचा. गोदामवाल्याने संगणकाला लिंबू-मिरची बांधली होती, नारळही फोडला होता. त्या व्यापाऱ्याच्या पेढीचं नाव फार लांबलचक होतं. ते आपल्या जागेत मावत नव्हतं आणि शेजारच्याच्या जागेवर चढत होतं. वाडीत कुंपण नसलं की एकाच्या केळी दुसऱ्याच्या हद्दीत जातात, तसं. मी कुंपण घातलं. लिंबू-मिरची काढा म्हटलं तर गोदामवाला म्हणाला, "दोन्ही राहू द्या मॅडम." मला त्यात काही गैर वाटलं नाही.

पण सगळ्या गोष्टी अशा हसण्यावारी नेता येत नाहीत. एक प्रकरण मी इतकी वर्षं फारसं कुणाला सांगितलेलं नाही. ते आता सांगते.

आमची कंपनी वालीवला एका गाळ्यात होती. पुढे सोल्डरिंगची टेबलं, मागे साहेबांची केबिन आणि मध्ये फळीच्या आडोशाला मी. आम्ही विजेच्या भट्ट्यांचे कंट्रोलर बनवत असू. कंट्रोलर म्हणजे भट्टी किती तापली ते मोजणारी आणि त्याप्रमाणे वीज चालू-बंद करणारी पेटी. आमच्या गल्लीच्या टोकाला हीट ट्रीटमेंटचा कारखाना होता. तिथे पोलादाचे सुटे भाग भट्टीत लाल होईपर्यंत तापवून तेलात बुडवत. त्याने ते टणक होतात. तापमान जास्त झालं तर सगळा माल ठिसूळ होऊन भंगारात जातो. पूर्वी हे काम मुरलेला माणूस भट्टीचं दार उघडून आतला रंग बघून करायचा. आमचा कंट्रोलर बसवला की रंग बघायची गरज नाही, असं आम्ही छापील पत्रकात म्हटलं होतं.

त्या भट्टीवर दोन माणसं होती. सकाळच्या पाळीला गास गावचा पास्कू आणि दुपारी तीनपासून अर्नाळ्याचा हरिश्चंद्र. दोघं साधारण एका वयाचे, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. पाळी बदलताना पास्कू वाडीतली केळी द्यायचा आणि हरिश्चंद्र कागदात बांधलेले सुके बोंबील. भट्टीजवळ त्या बोंबलांचा वास सुटायचा आणि कारखान्याचे मालक नाक दाबून दोघांना शिव्या घालायचे.

कंट्रोलर बसवून थोडे महिने झाले आणि माल जळायला लागला. रोज नाही, मध्येच कधीतरी. पण जळायचा तो नेहमी हरिश्चंद्रच्या पाळीत, संध्याकाळ उलटल्यावर. मालक येऊन बघत तेव्हा पेटीवर आकडा अगदी बरोबर असे आणि आत माल मात्र पांढराफटक तापलेला. ते मेन स्विच बंद करत, पुन्हा चालू करत आणि पेटी शहाण्यासारखी चालू लागे. आमच्या साहेबांनी ती टेबलावर आणून तपासली आणि निर्दोष आहे असं लिहून दिलं. मग दोष कुणाचा राहिला?

हरिश्चंद्र म्हणाला होता, "दार उगरला तरी आकडा हलत नवता. म्हनून मी तुमाला बोलवाया धावलो." मालकांना एवढंच दिसलं, की माल जळला तेव्हा हा भट्टीजवळ नव्हता. त्यात तो कोळी. कोळी म्हणजे पिणारच, हे आपल्याकडच्या पांढरपेशा लोकांनी धरूनच ठेवलेलं असतं, मग समोरचा माणूस दारूला शिवो न शिवो. आकडा थांबलेला दिसला म्हणजे हा पिऊन आलेला होता, असा निकाल लागला. पास्कूला बोलावून विचारलं, तुझ्या पाळीत असं कधी झालं का? पास्कूने खरं ते सांगितलं. नाही झालं. त्या नाहीने हरिश्चंद्रची नोकरी गेली. त्याला उद्यापासून येऊ नकोस असं सगळ्यांसमोर सांगितलं आणि 'बेवड्या' म्हणून हाक मारून सांगितलं.

त्याच्या जागी दुसरा माणूस आला. त्याच्याही पाळीत माल जळला. तेव्हा कुठे मालक तणतणत आमच्या गाळ्यात आले आणि साहेबांनी ती पेटी माझ्यापुढे ठेवली. माणूस बदलला तरी खोड तीच राहिली, म्हणजे दोष हरिश्चंद्रचा नव्हता, हे त्या वेळी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. नव्या माणसाला फक्त आळशी म्हणाले.

टेबलावर पेटी दिवसचे दिवस चालली आणि काही बिघडलं नाही. मी मेमरीची सगळी रिकामी जागा एकाच आकड्याने भरून ठेवायची आणि नंतर कागदावर छापून तो आकडा कुठे कुठे पुसला गेला ते लाल पेन्सिलीने बघायची. जिथे पुसला गेला तिथे प्रोग्रामचा हात लागला असं समजायचं. हिशेब चोख होता, घेतलेलं सगळं परत. मी चिडले. न सापडणाऱ्या चुकीचा मला राग येतो, आणि माझा राग घरच्यांना जेवणाच्या ताटावर कळतो.

शेवटी मी कारखान्यात पास्कूकाकांना विचारायला गेले, की हरिश्चंद्र नेमकं काय म्हणाला होता? पास्कूकाका माझ्याशी घरच्या बोलीत बोलत. ती जशीच्या तशी लिहिली तर वसईबाहेर कुणाला कळायची नाही, म्हणून सोपी करून लिहिते. ते म्हणाले, "बाय, तो एकच सांगत होता. दार उघडलं तरी आकडा हलत नाही."

मी तिथेच उभी राहिले. भट्टीचं दार उघडलं की बाहेरची हवा आत जाते आणि आकडा थोडा खाली यायलाच हवा. प्यालेल्या माणसाला एकाचे दोन आकडे दिसतील, डुलताना दिसतील. थांबलेला आकडा दिसायला डोकं ठिकाणावर लागतं. म्हणजे त्या वेळी पेटीतला प्रोग्राम मेलेला होता. पडद्यावर शेवटचा आकडा तेवढा उरला होता आणि वीज चालूच राहिली होती. आणि माझ्या टेबलावर कसलं दार? तिथे भट्टीच नव्हती.

मी प्रोग्रामचा दाराचा भाग काढून वाचला. दार उघडलं की प्रोग्राम तापमानातली घट मांडायला थोडी जागा मागून घेई. दार लागलं आणि तापमान पूर्ववत झालं की ती परत करी. पण तापमान सावरायच्या आत दार पुन्हा उघडलं, तर जुनी जागा तशीच सोडून नवी घेई. सोडलेली जागा कुणाचीच नाही. हे लिहिणारा मुलगा हुशार होता आणि तोवर परदेशी गेलेला होता. भट्टीचं दार कुणी सारखं सारखं उघडेल, हे त्याच्या मनातही आलं नसावं.

चूक सापडली, पण एक गोष्ट पटेना. दार दोघंही उघडत, तर मग पास्कूच्या पाळीत कधीच का नाही? मी चिपमध्ये चार ओळी वाढवल्या. किती जागा शिल्लक आहे ते बाजूच्या पडद्यावर दिसेल अशी सोय केली आणि सकाळी भट्टीशेजारी स्टूल टाकून बसले. दार उघडलं की शिल्लक थोडी उतरायची आणि बऱ्याचदा परत चढायची नाही. सकाळभर ती उतरत गेली. बारा वाजले. पास्कूकाकांनी डोक्यावरची टोपी काढली, मेन स्विच खटकन खाली ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ते बाराची प्रार्थना म्हणत होते, आंजेलुस. आमच्या गावात चर्चची बाराची घंटा झाली की हातातलं काम टाकून माणसं उभी राहतात. लहानपणी मी वाडीतला रहाट थांबलेला पाहिलेला आहे, बैलालाही ती घंटा कळायची. वालीवला घंटा ऐकू येत नाही, म्हणून पास्कूकाका घड्याळ बघत. आणि घरी जसा पंप बंद, रेडिओ बंद, तशी इथे भट्टी बंद. तेवढ्याने भट्टी निवत नाही, म्हणून मालकांनी कधी हरकत घेतली नव्हती. प्रार्थना झाली, डबा खाल्ला, स्विच वर केला. माझ्या पडद्यावर सगळी जागा पुन्हा शिल्लक दिसत होती. वीज गेली की मेमरी पुसली जाते, सगळी पातेली आपोआप गावाकडे परत येतात.

मग दुपारपासून पुन्हा गळती सुरू होई आणि ती भरत भरत संध्याकाळी हरिश्चंद्रच्या पदरात पडे. रात्री पाळी संपेपर्यंत तो स्विच कधीच बंद करत नव्हता. मशीन सोडून हलायचं नाही असं त्याला बजावलेलं होतं, म्हणून तो भाकरीसुद्धा भट्टीजवळ बसून खायचा.

"आणि तो दार फार उघडायचा का?" मी विचारलं.

"सारखा," पास्कूकाका म्हणाले. "पहिल्यांदा माल जळला ना, तेव्हापासून तर घडीघडीला डोकवायचा. घाबरला होता तो. म्हणायचा, माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन नाही."

जितकी काळजी घेतली, तितकी गळती वाढली. मला हे पास्कूकाकांना सांगावं लागलं, आणि त्यांनी स्विच बंद केल्याने काय होत होतं तेही.

"म्हणजे मी बंद करायचो म्हणून माझ्यावर नाही आलं?"

"हो, काका."

"आणि मी त्यांना सांगितलं, माझ्या पाळीत काही होत नाही." मग ते म्हणाले, "बाय, मी त्या प्रार्थनेत रोज त्याचं नाव घ्यायचो. आज तरी त्याचा माल नको जळू दे."

त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, एवढंच.

साहेबांना मी सगळं समजावलं. ते खूश झाले, पाठ थोपटली आणि म्हणाले, "छान. गुपचूप नवी चिप बसवून टाक. गिऱ्हाइकाला खोलात सांगायची गरज नाही." मी म्हटलं, "सर, एका माणसाला दारुडा ठरवलंय." ते म्हणाले, "तो त्यांचा प्रश्न आहे." नवी चिप मी बसवली आणि मग त्याच पावली मालकांच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. साहेब त्यानंतर कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. मालक तसे दुष्ट नव्हते. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "बोलवा त्याला. पण मशीन चांगलं आहे असं तुम्हीच लिहून दिलं होतं, हे विसरू नका." ते मी विसरलेले नाही.

हरिश्चंद्र वालीवला परत आला नाही, हे आधीच सांगून टाकते. तसा शेवट असता तर मी ही हकिगत फार पूर्वीच लिहिली असती.

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून मी आणि पास्कूकाका अर्नाळ्याला गेलो. किनाऱ्याला बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगा होत्या, त्यांच्या मागे त्याचं घर. तो अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. आता भावाच्या होडीवर जायचा. त्याची बायको हिराबाई पलीकडे सुकी मासळी निवडत होती. तिने आम्हाला पाणी आणून दिलं आणि नवऱ्याकडे न बघता पुन्हा जाऊन बसली. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत हे पाहुण्यालाही कळतं.

"हरिश्चंद्रभाऊ," मी म्हटलं, "आकडा खरंच थांबलेला होता. तुम्ही सांगितलंत ते खरं होतं."

त्याने वर बघितलं नाही. "मना आता तसा नाय वाटत, बाय. डोलं गेलं आसतील माजं."

मी त्याला सगळं सांगितलं, पातेल्यांचं उदाहरण देऊन. दाराचं सांगितलं, स्विचचं सांगितलं. मध्येच पास्कूकाका म्हणाले, "हरी, मी रोज बंद करायचो रे. मला काय माहीत." हरिश्चंद्रने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुना कसा म्हायती आसन," तो म्हणाला. हात मात्र त्याने काढला नाही.

मालकांनी बोलावलंय, हे मी सांगितलं. तो म्हणाला, "ता रव दे. बाय, आदी हिला सांग. मना सांगलंस ना, तसाच सांग."

मी उठून हिराबाईजवळ जाऊन बसले. इंजिनिअर लोकांना समजावताना माझी जीभ कधी अडखळली नाही, त्या दिवशी अडखळली. भांड्यांचं सांगितलं तेव्हा तिने मान हलवली. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"मंग ह्यो पेलेला नवता?"

"नाही. कधीच नव्हता."

तिचे हात मासळीवर तसेच राहिले. मग ती माझ्याशी नाही, समोर बघून बोलली. "मी रोज तेचा तोंड हुंगायची. दार उगरलं का आदी तोंड हुंगायची, मंग घरात घ्यायची. पोरींच्या समोर."

"वास आला कदी?" हरिश्चंद्रने तिकडून विचारलं. आवाजात राग नव्हता.

"नाय."

"एक दिस तरी?"

"नाय आला."

"मंग?"

"साहेब लोक बोलले ना," ती म्हणाली. "मशीन खोटा बोलत नाय, बोलले."

हरिश्चंद्र आम्हा सगळ्यांसमोर रडला. हिराबाई त्याच्याजवळ जायला उठली आणि अंगणाच्या मध्यावर येऊन तिथेच थांबली.